मरणाऱ्या पेशीची हिरवी खूण

मेलेली पेशी ओळखणं प्रयोगशाळेत फारसं अवघड नाही. पेशी ज्या द्रवात तरंगत असतात त्यात ट्रिपॅन ब्लू नावाचा निळा रंग मिसळायचा, त्यातला थेंबभर द्रव काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, ते या रंगाला आत शिरू देत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, म्हणून ती निळी दिसते. निळ्या किती आणि बिनरंगाच्या किती हे मोजलं की काम झालं. ही जुनी, स्वस्त युक्ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरली जाते.

खरी अडचण मेलेल्या पेशींची नाही, मरू लागलेल्या पेशींची आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर कर्करोगाचं एखादं औषध घातलं, की काही तासांतच त्यातल्या अनेक पेशींच्या आत मरणाची यंत्रणा सुरू होते. प्रथिनं कापली जात असतात, केंद्रक आक्रसू लागलेलं असतं. बाहेरचं आवरण मात्र अजून धड असतं, त्यामुळे ट्रिपॅन ब्लूच्या हिशेबात ही पेशी जिवंतच धरली जाते. औषधाने पेशीला मारलं की नुसतं दुखावलं, मारलं तर कशा तऱ्हेने मारलं आणि त्याला किती वेळ लागला, हे जाणून घ्यायचं तर आवरण फुटण्याआधीच तिला गाठावं लागतं. गेली तीस वर्षं हे काम मुख्यतः एक प्रथिन करत आलं आहे. त्याचं नाव ॲनेक्सिन-५. त्याला चमकणारा हिरवा रंग जोडला, की ते मरणपंथाला लागलेल्या पेशीला जाऊन चिकटतं आणि लेसरच्या उजेडात ती पेशी हिरवी दिसते.

मरणाच्या दोन तऱ्हा

पेशी एकाच तऱ्हेने मरत नाही, ही गोष्ट नीट उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९६०च्या दशकात जॉन केर हे ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ लंडनमध्ये उंदरांच्या यकृतावर काम करत होते. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेची एक शाखा बांधून टाकली तर पुढे काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं. काही पेशी अपेक्षेप्रमाणे फुगून फुटत होत्या. काही पेशी मात्र एकेकट्या आक्रसत होत्या. त्यांचे आवरणात गुंडाळलेले लहान लहान तुकडे पडत होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकत होत्या. आजूबाजूला ना सूज, ना दाह. पुढे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात ॲलिस्टर करी आणि अँड्र्यू वायली यांच्यासोबत केर यांनी अशा निरीक्षणांची जुळणी केली. १९७२ मध्ये तिघांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये लेख लिहिला आणि या मृत्यूला अपॉप्टोसिस हे नाव दिलं.

पहिल्या तऱ्हेचं, म्हणजे फुगून फुटण्याचं नाव नेक्रोसिस. भाजणं, विषबाधा, रक्तपुरवठा अचानक तुटणं अशा आघातांत हे होतं. पेशीतला सगळा ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूच्या ऊतीला त्याचा त्रास होतो. अपॉप्टोसिसमध्ये पेशी स्वतःच्याच जनुकांतल्या आज्ञेनुसार स्वतःला आवरतं घेते. गर्भात हाताची बोटं सुटी होतात ती बोटांमधल्या पेशी अशा मरतात म्हणून. बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होते तीही याच मार्गाने.

हा मृत्यू किती काटेकोर असू शकतो, ते एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्याने दाखवून दिलं. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा तो पारदर्शक कृमी. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत त्याच्या शरीरात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. सिडनी ब्रेनर यांनी हा प्राणी अभ्यासासाठी निवडला, जॉन सल्स्टन यांनी एकेका पेशीची वंशावळ मांडली आणि रॉबर्ट होर्विट्झ यांनी मरणाचा हुकूम देणारी जनुकं शोधली. २००२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून दिलं गेलं. होर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं एक जनुक माणसातल्या एका विकराशी जुळतं, असं १९९३ मध्ये दिसून आलं. या कुळातल्या विकरांना आता कॅस्पेज म्हणतात. इतर प्रथिनांना ठरावीक जागी कापणं हे त्यांचं काम. एरवी ती निपचित पडून असतात. हुकूम मिळाला की ती जागी होतात आणि पेशीची आवराआवर सुरू होते.

मोठ्या प्राण्यांत हा कारभार अफाट आहे. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या रॉन सेंडर आणि रॉन मायलो यांनी २०२१ मध्ये केलेल्या हिशेबानुसार माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे ३३० अब्ज पेशी बदलतात. त्यांचं वजन भरतं साधारण ८० ग्रॅम. त्यात सर्वांत मोठा वाटा रक्तपेशींचा. तरीही निरोगी ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर मरणारी पेशी शोधूनच काढावी लागते. कारण ती मरायला लागते न लागते तोच मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी येऊन तिला गिळते. मग प्रश्न उरतो तो हा, की शेकडो धडधाकट पेशींमधून नेमकी मरणारी पेशी या भक्षकाला सापडते कशी?

आतली बाजू बाहेर

उत्तर पेशीच्या आवरणात आहे. हे आवरण स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं, एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्ही थरांची घडण सारखी नसते. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक स्निग्ध रेणू निरोगी पेशीत जवळजवळ सगळाच्या सगळा आतल्या थरात असतो. तो आपोआप तिथे राहत नाही. चुकून बाहेर आलेला रेणू पुन्हा आत ढकलणारी प्रथिनं आवरणात बसवलेली असतात आणि त्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते.

अपॉप्टोसिस सुरू झाला की ही शिस्त मोडते. सदरा उलटा घातल्यावर आतली शिवण बाहेर दिसावी, तसं फॉस्फॅटिडिलसेरीन पेशीच्या बाहेरच्या अंगाला येतं. हे घडतं कसं, त्याचा तपशील बऱ्याच उशिरा कळला. जपानच्या क्योतो विद्यापीठात शिगेकाझू नागाता यांच्या गटाने २०१३ आणि २०१४ मध्ये दोन बाजूंनी याचा छडा लावला. जागं झालेलं कॅस्पेज एका बाजूला रेणूंना आत ढकलणारं प्रथिन कापून बंद पाडतं. दुसऱ्या बाजूला ते एक्सकेआर-८ नावाचं वेगळंच प्रथिन कापतं. हे प्रथिन मात्र कापल्यावर कामाला लागतं आणि दोन्ही थरांतले रेणू इकडचे तिकडे करून टाकतं.

बाहेर आलेला हा रेणूच भक्षक पेशींना खूण पटवतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात व्हॅलरी फॅडॉक, पीटर हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे दाखवून दिलं. मरणाऱ्या लसिकापेशींच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरीन येतं आणि ते ओळखून मॅक्रोफेज त्यांना गिळतात, असा त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता. जी खूण मॅक्रोफेजला कळते ती शास्त्रज्ञालाही कळायला हवी, एवढाच प्रश्न आता बाकी होता. त्यासाठी फॉस्फॅटिडिलसेरीनला घट्ट चिकटणारा एखादा रेणू हवा होता. असा रेणू आधीच सापडलेला होता, पण पेशीमृत्यूशी ज्याचा काही संबंध नाही अशा शोधात.

नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त शहरात क्रिस रॉयटेलिंग्सपेर्गर रक्त गोठण्याच्या क्रियेवर काम करत होते. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या नाळेतल्या रक्तवाहिन्यांमधून रक्त गोठू न देणारं एक प्रथिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. हेच पुढे ॲनेक्सिन-५ म्हणून ओळखलं गेलं. ते रक्त गोठू देत नाही याचं कारणही फॉस्फॅटिडिलसेरीनच. जखम झाल्यावर रक्तातल्या बिंबिका उद्दीपित होतात आणि हा रेणू आपल्या पृष्ठभागावर आणतात. गोठण्याची विकरं त्या पृष्ठभागावर जमून काम करतात. ॲनेक्सिन तिथे आधीच पसरून बसलं की विकरांना जागाच उरत नाही. सुमारे ३२० अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची त्रिमितीय रचना जर्मनीत रॉबर्ट हूबर यांच्या गटाने १९९० मध्ये उलगडली. त्याची एक अट मात्र फार महत्त्वाची आहे. कॅल्शियम असेल तरच ते चिकटतं. कॅल्शियम काढून घेतलं की सुटून येतं.

रक्त गोठण्याचा अभ्यास आणि पेशीमृत्यूचा अभ्यास या दोन वाटा १९९४ मध्ये एकत्र आल्या. ॲमस्टरडॅममधले खेरिट कोपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकता रंग लावलेलं ॲनेक्सिन-५ वापरून मरू लागलेल्या बी-लसिकापेशी ओळखल्या आणि तो लेख 'ब्लड' या नियतकालिकात छापला. लेखकांच्या यादीत रॉयटेलिंग्सपेर्गर होतेच. पुढच्याच वर्षी इश्तवान व्हेर्मेस यांच्या गटाने या पद्धतीला दुसऱ्या रंगाची जोड दिली. तीच जोडगोळी आज जगभर वापरात आहे.

एक हिरवा, एक लाल

हिरवा रंग बहुधा फ्लुरेसीनच्या कुळातला असतो. ४८८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या लेसरचा प्रकाश त्याच्यावर पडला की तो शोषून घेऊन हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. दुसरा रंग म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड. तो डीएनएला चिकटून लाल चमकतो, पण शाबूत आवरणातून आत जाऊ शकत नाही. म्हणजे त्याचं काम ट्रिपॅन ब्लूसारखंच, फुटलेल्या पेशी दाखवण्याचं. ॲनेक्सिन सांगतं, आतली बाजू बाहेर आली आहे की नाही. प्रोपिडियम सांगतं, आवरण फुटलं आहे की नाही.

दोन उत्तरं एकत्र ठेवली की पेशींची वाटणी होते. जिच्यावर दोन्ही रंग नाहीत ती जिवंत. जी फक्त हिरवी ती अपॉप्टोसिसच्या सुरुवातीच्या टप्प्यात. जी हिरवीही आहे आणि लालही, ती शेवटच्या टप्प्यात किंवा पूर्ण मेलेली. यात मधला गट सर्वांत मोलाचा. ट्रिपॅन ब्लू ज्या पेशींना जिवंत म्हणून सोडून देत होता, नेमक्या त्याच या पेशी.

प्रत्यक्ष कृती एखाद्या तासाभराची. प्रयोगासाठी पुष्कळदा जुरकॅट नावाच्या पेशी घेतल्या जातात. १९७०च्या दशकात रक्ताच्या कर्करोगाच्या एका मुलाकडून घेतलेल्या पेशींपासून ही वंशरेषा सुरू झाली आणि ती आजही वाढवली जाते. या पेशी द्रवात मोकळ्या तरंगतात, म्हणून हाताळायला सोप्या. त्यांना काही तास औषध दिलं जातं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्या तळाशी बसवतात, थंड क्षारद्रावणाने धुतात आणि कॅल्शियम असलेल्या द्रावणात घेतात. त्यात रंगीत ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम घालून नळी साधारण पंधरा मिनिटं अंधारात ठेवायची. अंधार यासाठी की उजेडाने रंग फिका पडतो. त्यानंतर पेशी पुन्हा न साठवता तासाभराच्या आत मोजायच्या. त्या अजून जिवंत असतात, मरत असतात, आणि नळीत ठेवल्या तर आकडे बदलत जातात.

मोजणीचं यंत्र म्हणजे फ्लो सायटोमीटर. यात पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकामागोमाग एक लेसरसमोरून जातात. प्रत्येक पेशीने किती प्रकाश विखुरला, किती हिरवा दिला, किती लाल दिला, याची नोंद होते. सेकंदाला हजारो पेशी तपासल्या जातात आणि एका नमुन्यासाठी दहा हजार पेशी मोजणं ही नेहमीची गोष्ट आहे. निकाल पडद्यावर ठिपक्यांच्या आलेखात उमटतो. आडव्या अक्षावर हिरवा, उभ्या अक्षावर लाल, आणि दोन रेषांनी पाडलेले चार चौकोन. औषध न दिलेल्या नमुन्यात बहुतेक ठिपके डाव्या खालच्या कोपऱ्यात गोळा झालेले दिसतात. औषध दिल्यावर ते आधी उजवीकडे सरकतात आणि मग वर चढतात. साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखालीही हेच पाहता येतं. तिथे सुरुवातीच्या टप्प्यातल्या पेशीभोवती हिरवं कडं दिसतं, कारण ॲनेक्सिन आत जात नाही, आवरणावरच बसून राहतं.

आकडे कुठे फसवतात

चाचणी सोपी आहे, म्हणूनच तिच्यात चुका पुष्कळ होतात. पहिली चूक कॅल्शियमची. बऱ्याच पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटून वाढतात. त्या सोडवायला ट्रिप्सिन आणि ईडीटीए यांचं मिश्रण वापरतात. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं. ते नीट धुतलं गेलं नाही तर ॲनेक्सिन चिकटतच नाही आणि मरणाऱ्या पेशीही जिवंत मोजल्या जातात. उलट ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलं किंवा पेशी खरवडून काढल्या, तर धडधाकट पेशींचं आवरण दुखावतं. मग ॲनेक्सिन फटीतून आत शिरून आतल्या थराला चिकटतं आणि जिवंत पेशीला मेलेलं ठरवतं.

दुसरी चूक त्याहून साधी. तळाला चिकटणारी पेशी मरायला लागली की आपली पकड सोडते आणि वरच्या द्रवात तरंगू लागते. नवखा विद्यार्थी तो द्रव ओतून देतो आणि तळाच्या पेशी तेवढ्या मोजतो. ज्या पेशी मोजायच्या होत्या त्याच मोरीत गेलेल्या असतात.

काही वेळा औषधच दगा देतं. डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतलं प्रसिद्ध औषध स्वतःच लालसर चमकतं आणि पेशीच्या केंद्रकात जमा होतं. त्याच्यासोबत प्रोपिडियम वापरलं तर लाल प्रकाश औषधाचा की फुटलेल्या पेशीचा, हे यंत्राला कळत नाही. अशा वेळी दुसरे रंग निवडावे लागतात. शिवाय हिरव्या रंगाचा थोडा प्रकाश लालच्या मापातही शिरतो. तो वजा करण्यासाठी बिनरंगाचा एक आणि एकेकच रंग लावलेले दोन, असे वेगळे नमुने सोबत तपासावे लागतात. ते नसतील तर आलेख कितीही देखणा असला तरी त्याला अर्थ राहत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न दोन्ही रंगांच्या पेशींचा आहे. शरीरात मरणाऱ्या पेशीला मॅक्रोफेज गिळतो, पण प्रयोगशाळेच्या बाटलीत मॅक्रोफेज नसतात. तिथे अपॉप्टोसिसने मेलेली पेशी तशीच पडून राहते आणि शेवटी तिचं आवरण फुटतं. नेक्रोसिसने थेट फुटलेल्या पेशीतही ॲनेक्सिन आत शिरतं. दोघी आलेखात एकाच चौकोनात येऊन बसतात. चोवीस तासांनी एकदाच मोजणी केली, तर पेशी कोणत्या वाटेने तिथे पोहोचल्या हे सांगता येत नाही. दोन, चार, आठ, बारा तास अशा टप्प्यांनी मोजलं तर वाट दिसते. पेशी आधी नुसत्या हिरव्या होऊन मग लाल झाल्या, की हिरवा टप्पा टाळून थेट दोन्ही रंगांत गेल्या, हे त्यातून कळतं.

त्यातही भर म्हणजे पेशीमृत्यूच्या आणखी तऱ्हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उजेडात आल्या. नेक्रोप्टोसिस ही त्यांपैकी एक. तिच्यात कॅस्पेजचा हात नसतो, तरीही आवरण फुटण्याआधी फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येऊ शकतं, असं २०१७ मध्ये दिसून आलं. उद्दीपित बिंबिकांसारख्या काही पेशी तर मरत नसतानाही हा रेणू बाहेर आणतात. थोडक्यात, हिरवी चमक सांगते ते एवढंच, की आतली बाजू बाहेर आली आहे. ती का आली, याची खातरजमा दुसऱ्या चाचणीने करावी लागते. कॅस्पेज-३ जागं झालं का, ते पाहतात. डीएनएचे सुमारे १८० ते २०० बेस-जोड्यांच्या पटीत तुकडे झालेत का, तेही पाहतात. हे तुकडे वायली यांनी १९८० मध्ये दाखवले होते. तुकड्यांच्या टोकांना रंग लावणारी ट्यूनेल ही पद्धत १९९२ पासून वापरात आहे. चांगल्या नियतकालिकात एकट्या ॲनेक्सिनच्या जोरावर अपॉप्टोसिसचा दावा सहसा मान्य होत नाही.

पेशीच्या आतून येणारा उजेड

बाहेरून रंग लावण्याऐवजी पेशीलाच चमकणारं प्रथिन तयार करायला लावलं तर? ही कल्पना जेलीफिशमुळे शक्य झाली. ओसामू शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोळा केलेल्या जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं. त्याचा पहिला उल्लेख १९६२ च्या लेखात आहे. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक दुसऱ्या सजीवांत घालून दाखवलं. त्यासाठी त्यांनी जो प्राणी वापरला तो म्हणजे १३१ पेशींचा हिशेब ठेवणारा तोच कृमी. रॉजर त्सिएन यांनी या प्रथिनात फेरफार करून वेगवेगळे रंग मिळवले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

पेशीमृत्यू टिपण्यासाठी या प्रथिनांचा उपयोग मोठ्या खुबीने केला गेला. निळं आणि हिरवं अशी दोन चमकणारी प्रथिनं एका लहान दुव्याने जोडायची. दुवा असा निवडायचा, की कॅस्पेज-३ त्याला नेमका कापेल. दोन्ही प्रथिनं जवळ असेपर्यंत निळ्याने शोषलेली ऊर्जा हिरव्याकडे जाते आणि पेशी हिरवी दिसते. कॅस्पेज जागं होऊन दुवा तुटला की दोघं लांब जातात, ऊर्जेची देवाणघेवाण थांबते आणि रंग बदलतो. १९९८ मध्ये अशा जोडप्रथिनाने अपॉप्टोसिस टिपल्याचं प्रसिद्ध झालं.

याचा मोठा फायदा असा, की पेशींना धक्का न लावता तासन् तास चित्रीकरण करता येतं. फ्लो सायटोमीटर दहा हजार पेशींचा एका क्षणाचा हिशेब देतो. चित्रीकरण एकाच पेशीचा सबंध प्रवास दाखवतं. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या पीटर सॉर्गर यांच्या गटाने २००९ मध्ये अशाच चित्रीकरणातून एक लक्षणीय गोष्ट समोर आणली. एकाच वंशाच्या, एकाच बशीत वाढलेल्या पेशींना ट्रेल नावाचं मरणाचा संदेश देणारं प्रथिन दिलं, तर काही लवकर मरतात, काही फार उशिरा आणि काही मरतच नाहीत. नुकत्याच विभागलेल्या दोन बहिणी-पेशी साधारण एकाच सुमाराला मरतात, पण विभागणीला जितका वेळ लोटला असेल तितकं हे साम्य कमी होत जातं. जनुकं तीच असून फरक पडतो, कारण प्रत्येक पेशीतलं प्रथिनांचं प्रमाण थोडं वेगळं असतं. केमोथेरपीतून थोड्या पेशी का निसटतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

रुग्णाच्या शरीरात

ॲनेक्सिनचा प्रवास प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. छातीच्या भिंतीतून हिरवा प्रकाश पार होत नाही, म्हणून हृदयासाठी त्याला किरणोत्सारी टेक्नेशियम जोडण्यात आलं. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना ते टोचून हृदयाच्या कोणत्या भागात पेशी मरत आहेत याची चित्रं मास्त्रिख्तच्या डॉक्टरांनी घेतली आणि २००० मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली.

डोळा मात्र पारदर्शक आहे, तिथे प्रकाश चालतो. काचबिंदूत दृष्टिपटलातल्या चेतापेशी हळूहळू मरत जातात आणि रुग्णाला दृष्टी कमी झाल्याचं जाणवेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. लंडनमध्ये फ्रान्सेस्का कॉर्डेरो यांच्या गटाने ॲनेक्सिनला अवरक्ताच्या जवळ चमकणारा रंग जोडला. तो शिरेतून देऊन दृष्टिपटलाची छायाचित्रं घेतली, तेव्हा मरणाऱ्या पेशी एकेका ठिपक्यासारख्या दिसल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत आठ काचबिंदूचे रुग्ण आणि आठ निरोगी माणसं होती. रुग्णांच्या डोळ्यांत ठिपके जास्त आढळले. चाचणी लहान होती, पण माणसाच्या डोळ्यात एकेकटी मरणारी पेशी पाहता येते, हे तिने दाखवलं.

वंध्यत्वाच्या उपचारांतही ॲनेक्सिन पोहोचलं आहे. तिथे त्याला रंगाऐवजी सूक्ष्म चुंबकीय कण जोडतात आणि फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर आलेले शुक्राणू चुंबकाने बाजूला काढतात. यामुळे मूल होण्याची शक्यता खरोखर वाढते, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा मात्र अजून नाही.

औषधांच्या शोधात तर ही चाचणी नित्याची झाली आहे. बीसीएल-२ नावाचं प्रथिन पेशीला मरू देत नाही, हे डेव्हिड व्हॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मेलबर्नमध्ये दाखवलं. रक्ताच्या काही कर्करोगांत ते अति प्रमाणात असतं, त्यामुळे मरायला हव्यात त्या पेशी जगत राहतात. त्याला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं. पेशीला तिचं थांबवलेलं मरण परत मिळवून देणं हीच या औषधाची कामाची रीत आहे. अशा औषधांचा परिणाम मोजताना ॲनेक्सिनचा आलेख हमखास काढला जातो.

महाराष्ट्रातही हे काम चालतं. पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशींच्या वंशरेषा पुरवतं आणि तिथे फ्लो सायटोमीटरची सोय आहे. खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संकुलातही ती आहे. हळदीतल्या कर्क्युमिनपासून अनेक वनस्पतींच्या अर्कांपर्यंत नाना पदार्थ कर्करोगाच्या पेशींवर तपासणारे प्रबंध भारतभरच्या विद्यापीठांत लिहिले जातात आणि त्यांत चार चौकोनांचा तो आलेख बहुधा असतोच. त्यातूनच पुढे 'अमुक अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट' अशी बातमी बनते.

अशी बातमी समोर आली की वाचकाने काही गोष्टी जरूर पाहाव्यात. त्याच अर्काने निरोगी पेशी किती मेल्या, हे तपासलं होतं का? वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात पोहोचू शकेल इतकी होती का, की बशीतच शक्य होती? ॲनेक्सिनखेरीज दुसऱ्या पद्धतीने खात्री केली होती का? आणि काम बशीवरच थांबलं, की प्राण्यांवर आणि माणसांवर चाचण्या झाल्या? बशीतल्या पेशी हिरव्या होणं ही औषधाच्या लांब वाटेवरची अगदी सुरुवातीची पायरी आहे, आणि तिथवर पोहोचलेले बहुतेक पदार्थ रुग्णापर्यंत पोहोचत नाहीत. अशा बातमीच्या भरवशावर कुणीही चालू उपचार थांबवू नयेत. तिचं कात्रण घेऊन आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.